पुस्तकाची जोखीम एकट्या लेखकावर टाकू नका

प्रकाशकासमोर बसलेल्या लेखकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न बदलला आहे. पूर्वी विचारायचे, 'हस्तलिखित कधी देताय?' आता बऱ्याच ठिकाणी विचारतात, 'तुम्ही स्वतः किती प्रती घ्याल?' दोनशे जमतील का, निदान शंभर? लेखक शाळेत शिकवत असेल तर मनातल्या मनात सहकारी मोजतो, बँकेत असेल तर शाखा मोजतो. ज्याच्यामागे असा गोतावळा नाही, तो हस्तलिखित पिशवीत घालून उठतो. लिखाण कसं आहे याची चर्चा त्या दिवशी होतच नाही.

हे मी वाचकांना सांगते आहे, कारण यातून वाट काढणं वाचकांच्याच हातात उरलं आहे. पुस्तक काढणं हा पहिल्यापासून जोखमीचा धंदा. लिहिलेलं खपेल की पडून राहील, हे कुणालाच आधी कळत नाही. ती जोखीम पूर्वी वाटलेली असायची. भांडवल प्रकाशकाचं, काही माल दुकानदाराने रोखीने उचललेला, काही प्रती ग्रंथालयांकडे जाणार हे ठरलेलं. लेखकाने वेळ आणि कष्ट घालायचे, खिशातले पैसे घालायचे नाहीत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एकेकाने अंग काढून घेतलं आणि सगळा भार लिहिणाऱ्यावर आला. त्यातला थोडा थोडा तुम्ही उचलावा, एवढं माझं मागणं आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण लेखकाला पुस्तकाचे किती मिळतात याबद्दल भलतेच समज आहेत. ३०० रुपये किमतीचं पुस्तक धरा. छापील किमतीवर १० टक्के मानधन ठरलं असेल, तर लेखकाला प्रतीमागे ३० रुपये मिळतात. मराठीत पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची काढायची रीत होती. आज ५०० प्रती काढणारा प्रकाशक धाडसी समजला जातो, ३०० ची आवृत्ती नेहमीची झाली आहे, आणि डिजिटल छपाई आल्यापासून 'शंभर काढू, संपल्या की पुन्हा काढू' असंही चालतं. ५०० च्या ५०० प्रती विकल्या गेल्या तरी लेखकाच्या हाती पडतात १५,००० रुपये. तेही दोन-तीन वर्षांत, तुकड्या-तुकड्यांनी. चरित्र असेल, इतिहासाचं पुस्तक असेल, तर त्यामागचा प्रवास, झेरॉक्स, टायपिंग, छायाचित्रांची परवानगी हे सगळं पदरमोड करून झालेलं असतं. करारात 'छापील किमतीवर' ऐवजी 'प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर' असे शब्द असतील, आणि पुस्तक वितरकाला निम्म्या किमतीत गेलं असेल, तर तीसचे पंधरा होतात.

मानधनाचं विवरणपत्र कसं असतं, हे फार थोड्या वाचकांनी पाहिलं असेल. आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा एक कागद. डावीकडे पुस्तकाचं नाव, पुढे रकाने: वर्षारंभीची शिल्लक, वर्षातली विक्री, भेट आणि अभिप्रायासाठी दिलेल्या प्रती, खराब झालेल्या प्रती, वर्षअखेरची शिल्लक. खाली रक्कम, आणि त्यातून लेखकाने स्वतः नेलेल्या प्रतींचे पैसे वजा. हा कागद न चुकता, न मागता पाठवणारे प्रकाशक मराठीत आहेत आणि लेखक मंडळी त्यांचं नाव आदराने घेतात. पण विचारल्याशिवाय न पाठवणारे पुष्कळ, आणि विचारल्यावर 'बघून सांगतो' म्हणणारेही पुष्कळ. त्या कागदावरचा विक्रीचा आकडा बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहायला लेखकाकडे दुसरं साधन नसतं. छापखान्यातून किती प्रती निघाल्या, मधल्या काळात गुपचूप आणखी निघाल्या का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. नोकरी सांभाळून लिहिणारा हे सोडून देतो. लिहिण्यावरच घर चालवणाऱ्याला सोडता येत नाही आणि मागताना संकोचही होतो.

विनोदकुमार शुक्ल यांचं उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. रायपूरचे हे मोठे हिंदी कवी-कादंबरीकार. २०२२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की इतकी वर्षं गाजत असलेल्या पुस्तकांचे आपल्याला अगदी तुटपुंजे पैसे मिळतात. हिंदीत मोठा गदारोळ झाला. पुढे त्यांची 'दीवार में एक खिड़की रहती थी' ही कादंबरी दुसऱ्या, तुलनेने तरुण प्रकाशनाकडे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या सहा महिन्यांच्या विक्रीपोटी ३० लाख रुपयांचं मानधन त्यांना रायपुरात जाहीर कार्यक्रमात देण्यात आलं. पुस्तक नवं नव्हतं. १९९७ सालचं, १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. लेखकाचं वय तेव्हा ८८. मधल्या काळात तरुण वाचकांनी ते एकमेकांना सुचवलं, विकत घेतलं, आणि विकत घेतल्याचा हिशेब लेखकापर्यंत पोचला. या दोन्ही गोष्टी लागतात. वाचकाने पैसे मोजले आणि हिशेब मधेच अडकला, तर लेखक उपाशी. हिशेब चोख असला आणि वाचक फुकटची पीडीएफ शोधत बसला, तरीही उपाशीच.

प्रकाशकाची बाजूही मांडली पाहिजे, कारण सगळेच काही बुडवायला बसलेले नाहीत. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर, शाईवर, छपाईवर आहे. पुस्तक करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. सप्टेंबर २०२५ मधल्या फेरबदलात छपाईच्या कागदावरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. जिल्ह्याच्या गावी कथा-कादंबऱ्या ठेवणारी दुकानं एक तर बंद झाली किंवा स्पर्धा परीक्षांची गाइडं आणि वह्या-रजिस्टरांवर गेली. जी उरली, तिथला दुकानदारही पुस्तक आता विकत घेत नाही, ठेवून घेतो. विकलं तर पैसे, नाही तर प्रत परत, तीही कोपरे मुडपलेली. पैसे सहा महिन्यांनी, कधी वर्षाने. ग्रंथालयांचं अनुदान वेळेवर आलं नाही की त्यांची खरेदी मार्चअखेरपर्यंत लांबते. अशा चारी बाजूंच्या उधारीत सापडलेला छोटा प्रकाशक कागदवाल्याचे पैसे थांबवू शकत नाही, छापखान्याचे थांबवू शकत नाही. थांबवता येतात ते फक्त लेखकाचे.

आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. संपादक गेला. 'मौज' प्रकाशन आणि 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाच्या ओळीन् ओळीवर काम करायचे, पत्रं लिहायचे, कथा परत पाठवून पुन्हा लिहायला लावायचे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. असं काम करणारी प्रकाशनं आजही आहेत, पण बऱ्याच ठिकाणी लेखकाने पाठवलेली फाइल तशीच पानांवर बसवली जाते. मुद्रितशोधनाचे पैसे लेखकाने द्यायचे, कधी मुखपृष्ठाचेही. पुस्तकात चुका राहिल्या की वाचक म्हणतो, हल्लीच्या लेखकांना शुद्धलेखन येत नाही. ती चूक पकडण्यासाठी पूर्वी एक पगारी माणूस असायचा, तो आता नाही.

मग वाचकाने करायचं काय? सगळ्यात मोलाची गोष्ट सगळ्यात सोपी आहे. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तक नोंदवा. आवडत्या लेखकाचं नवं पुस्तक येणार असल्याचं कळलं, की छापायच्या आधीच पैसे भरा. तुम्हाला किंमत कमी पडते हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा, की छपाईच्या आधी दोनशे माणसांचे पैसे जमा झाले की प्रकाशकाला तेवढं भांडवल मिळतं, आवृत्ती किती काढायची याचा अंदाज येतो, आणि लेखकाला 'तुम्ही किती प्रती घ्याल?' असं विचारायची वेळ त्याच्यावर येत नाही. जोखीम वाटून घेणं म्हणतात ते हेच.

मराठी वाचकाने हे एकदा मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलं आहे. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या सोबत्यांनी 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ उभी केली. वाचकांनी सभासद व्हायचं, आगाऊ पैसे भरायचे, त्या बळावर पुस्तकं काढायची आणि गावोगावी नेऊन विकायची. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने काढलं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये. गावकुसाबाहेरचं जगणं सांगणारी असली आत्मकथनं तोवर बाजाराने पाहिलेली नव्हती. खपतील की नाही याचा कुणी आधी हवाला दिला नसता. आपल्या ओळखीचं नसलेलं जगणं वाचायला पैसे मोजायची तयारी त्या वाचकाने दाखवली, म्हणून मराठी साहित्य रुंद झालं. आज एखादी मुलगी नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून तसंच काही नवं लिहीत असेल, तर तिच्याकडे शंभर प्रती घ्यायला पैसे नसणार. तिच्यासाठी आधी पैसे भरणारे वाचक लागतील.

याच्या उलट आहे ती पन्नास टक्क्यांच्या पाटीची सवय. हॉल भाड्याने घेऊन लावलेल्या ग्रंथप्रदर्शनांत 'कोणतंही पुस्तक निम्म्या किमतीत' असं लिहिलेलं असतं, आणि आपण तिथे जाऊन पिशवी भरून आणतो. ती सवलत आकाशातून पडत नाही. एक तर छापील किंमत आधीच चढवलेली असते, नाही तर ती लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या वाट्यातून कापलेली असते. जुना, पडून राहिलेला साठा स्वस्तात घ्यायला हरकत नाही. नव्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र पहिलं वर्षभर तरी मोठ्या सवलतीसाठी थांबू नका. पहिल्या काही महिन्यांतली विक्री पाहूनच दुसरी आवृत्ती काढायची की नाही, हे ठरतं. वर्षभराने निम्म्या किमतीत घेतलेली तुमची प्रत त्या निर्णयाला उपयोगी पडत नाही. गावात किंवा शहरात पुस्तकांचं दुकान शिल्लक असेल तर तिथून घ्या. मागवून द्यायला सांगा आणि दोन-चार दिवस वाट पाहा. शक्य असेल तर थेट प्रकाशकाकडून मागवा, मधलं कमिशन वाचतं.

टपालखर्चाचं म्हणाल, तर स्वस्तात पुस्तकं पाठवायची जुनी बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलं. दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहाला सत्तर-ऐंशी रुपये कुरियर, असा व्यवहार कुणाला परवडणार? पण मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. नियतकालिकं त्यात बसत नाहीत, पुस्तकं बसतात. पुस्तक मागवताना 'ज्ञान पोस्टाने पाठवा' असं सांगून पाहा. चार दिवस जास्त लागतील, पण पैसे पुस्तकावर खर्च होतील.

आता पीडीएफ. तुमच्या फोनवर निदान एक तरी गट असा असेल, जिथे 'वाचनप्रेमींसाठी खास भेट' म्हणून आख्खी पुस्तकं येतात. स्कॅन केलेली, पानांच्या कडेला कुणाच्या तरी अंगठ्याची सावली पडलेली. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आपण वाचनसंस्कृती वाढवतोय असं त्याला मनापासून वाटतं. पण ३०० प्रतींच्या आवृत्तीचं पुस्तक दोन-तीन गटांत फिरलं, की आवृत्तीपेक्षा जास्त माणसांकडे ते फुकट पोचलेलं असतं आणि दुकानातल्या प्रती तशाच राहतात. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे असं जाणूनबुजून करणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला अभ्याससाहित्याची चोरी करणाऱ्या वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली होती. तरी कायद्याचा धाक घालण्यापेक्षा मला एक साधी विनंती करावीशी वाटते. अशी फाइल आली की पुढे पाठवू नका, आणि त्याच गटात पुस्तकाची किंमत आणि मिळण्याचं ठिकाण लिहा. भांडू नका, नुसतं लिहा. ज्याला खरंच परवडत नाही त्याच्यासाठी ग्रंथालय आहे. लेखकाने स्वतः फुकट वाटलेली पुस्तकं आणि हक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तकं, ही खुशाल वाटा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ च्या आरंभापासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतो. म्हणूनच ती इतक्या वेगवेगळ्या प्रकाशकांकडून मिळते.

ई-बुक आणि ऑडिओबुक यांना नाकं मुरडायचं कारण नाही. किंडलवर २०१६ च्या अखेरीस मराठीची सोय झाली, स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं ते मराठीला घेऊनच. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला हीच वाट सोयीची आहे, कारण इथून पाठवलेल्या पुस्तकापेक्षा विमानाचं टपाल महाग पडतं. तिकडच्या वाचकांनी बॅगेतून येणाऱ्या दोन-चार पुस्तकांवर न थांबता अधिकृत ई-प्रती विकत घ्याव्यात. एवढं मात्र ध्यानात ठेवावं, की वर्गणीच्या योजनेत लेखकाला प्रतीमागे पैसे मिळत नाहीत, किती पानं वाचली किंवा किती वेळ ऐकलं यावर मिळतात. पुस्तक आवडलं तर ते शेवटपर्यंत वाचा, ऐका, आणि मग एखादी छापील प्रत कुणाला भेट द्या.

छापील प्रतीचा आग्रह धरायला दुसरंही कारण आहे. १ फेब्रुवारी २०२२ रोजी ॲमेझॉनने आपल्या मालकीची वेस्टलँड ही भारतीय प्रकाशनसंस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं. अमीश, चेतन भगत यांच्यासारखे सर्वाधिक खपाचे लेखक तिथे होते, आणि नुकतंच पहिलं पुस्तक आलेले कितीतरी नवे लेखकही. मार्चअखेर सगळं संपणार म्हटल्यावर वाचकांनी धावपळ करून उरलेल्या प्रती घेतल्या. पुढे तिथल्याच मंडळींनी 'प्रतिलिपी' या ऑनलाइन वाचन-मंचाच्या साथीने पुन्हा काम सुरू केलं, हे चांगलं झालं. पण चांगली चाललेली पुस्तकंसुद्धा एका सकाळच्या निर्णयाने बाजारातून उठू शकतात, हे सगळ्यांना कळलं. मोठ्या नावाला दुसरा प्रकाशक लगेच मिळतो. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाला पुन्हा दारोदार फिरावं लागतं.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी लिहीत असेल, तर पुढचा भाग त्याला वाचून दाखवा.

करार लेखी करा. 'आपल्यात कागद कशाला' असं म्हणणारा प्रकाशक मनाने कितीही चांगला असला, तरी कागद करा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्क दिल्याचा कागद लेखी आणि सहीचा नसेल, तर हक्क दिलेच गेलेले नाहीत. त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे आलं पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारताचा. दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, आणि करारात त्याबद्दल वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो आपोआप लेखकाकडे परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिलं: कराराच्या वेळी जे माध्यम वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क दिले असं मानलं जात नाही. तुमचा करार जुना असेल आणि त्यात ई-बुक, ऑडिओ, वेब-मालिका यांचा शब्दही नसेल, तर ते हक्क गेलेच असं समजून गप्प बसू नका. वकिलाला कागद दाखवा.

नव्या करारात 'सर्व माध्यमांतले, सर्व भाषांतले, कायमचे हक्क' असं एक लांबलचक वाक्य असतं. ते वाचून थांबा. छापील मराठी आवृत्तीचे हक्क द्या, बाकीच्यांचं वेगवेगळं बोला. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट, आणि आता संगणकाला शिकवण्यासाठी मजकूर वापरणं, हे प्रत्येक कलम वेगळं असावं. अनुवादकांनी तर फारच जपावं. एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडले, की पुस्तकाच्या दहा आवृत्त्या झाल्या तरी पुढे काही मिळत नाही. पुस्तक ठरावीक काळ, म्हणजे समजा वर्षभर, बाजारात उपलब्ध नसेल तर हक्क परत मिळतील, असंही एक कलम घालून घ्या. हिशेब कधी येणार त्याची तारीख लिहून घ्या. यात प्रकाशकाचा अपमान काही नाही. सरळ व्यवहार करणारा प्रकाशक याला नाही म्हणत नाही.

पैसे भरून पुस्तक काढणाऱ्यांना एक स्पष्ट सांगते. आजोबांच्या आठवणी, गावाचा इतिहास, निवृत्तीनंतरच्या कविता स्वखर्चाने छापायच्या असतील तर जरूर छापा, त्यात कमीपणा नाही. पण मग स्वतःचं पुस्तक स्वतः काढा. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी या प्रत्येकाचा दर वेगळा लिहून घ्या आणि दोन छापखान्यांत विचारा. आयएसबीएन क्रमांक भारत सरकारची एजन्सी फुकट देते, त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर तिथून निघा. आणि खर्च सगळा तुमचा असेल तर प्रती तुमच्या, हक्कही तुमचे. पैसे लेखकाने घालायचे आणि वर मानधन १० टक्के, असा करार कुणी पुढे केला तर सही करू नका.

ग्रंथालयांबद्दल. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या एक हजार ग्रंथालयांनी एखाद्या नव्या पुस्तकाची एकेक प्रत घेतली, तरी जुन्या काळची आख्खी आवृत्ती संपते. ही एवढी मोठी ताकद आपल्याकडे आहे आणि आपण ती वापरत नाही. बहुतेक ठिकाणी खरेदी विक्रेत्याने आणलेल्या गठ्ठ्यातून होते, आणि गठ्ठ्यात काय असावं हे कमिशनवर ठरतं. तुम्ही सभासद असाल तर ग्रंथपालाकडे वाचकांच्या मागणीची वही आहे का, ते विचारा. नसेल तर ठेवायला सांगा, आणि पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत असं स्वच्छ लिहा. वार्षिक सभेला जा. तिथे कोरमपुरती माणसं जमलेली असतात. त्यात चार वाचकांनी उठून 'यंदा नवी पुस्तकं कोणती घेतली?' असं विचारलं तरी फरक पडतो. ब्रिटनमध्ये १९७९ पासून असा कायदा आहे, की ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेलं गेलं की त्याचे थोडे पैसे सरकारी निधीतून लेखकाला मिळतात. आपल्याकडे तशी सोय नाही. ती व्हावी अशी मागणी साहित्य संमेलनाच्या मांडवात ठरावांच्या यादीत आली पाहिजे, आणि वाचकांनीही ती लावून धरली पाहिजे. तोवर निदान ग्रंथालयाने प्रत विकत तरी घ्यावी, लेखकाकडून भेट मागू नये.

दिवाळी अंकांनाही हेच लागू आहे. काही अंक लेखाचे पैसे वेळेवर देतात, काही नुसता अंक पाठवतात, काही तोही पाठवत नाहीत. जे संपादक मानधन देतात त्यांचे अंक विकत घ्या. सोसायटीत एक अंक घेऊन वीस घरांत फिरवण्याऐवजी दोन-तीन घेतलेत तरी चालेल. आणि लेखकाला व्याख्यानाला, शाळेच्या कार्यक्रमाला बोलावलंत तर शाल-श्रीफळाबरोबर पाकीटही द्या, निदान जाण्या-येण्याचा खर्च तरी आधी विचारा. टेबलावर त्याची पुस्तकं विक्रीला मांडा. पुस्तकविक्रीवर जगणं शक्य नाही तेव्हा बरेच लेखक अशा कार्यक्रमांवर महिना ढकलतात.

शेवटी ज्यांच्या घरात लेखक होऊन गेला त्यांच्याशी बोलायचं आहे. आई, वडील, आजी, काका, कुणीही. लेखक गेल्यावर पुढची साठ वर्षं त्याच्या लिखाणाचे हक्क वारसांकडे असतात, आणि नेमक्या याच काळात बहुतेक पुस्तकं दिसेनाशी होतात. वारस तिघे-चौघे, एक पुण्यात, एक बडोद्याला, एक अमेरिकेत, आणि सही कुणी करायची हे ठरलेलंच नसतं. कपाटातले करार, जुनी विवरणपत्रं, पत्रव्यवहार बाहेर काढा. पुस्तकांची यादी करा: नाव, पहिल्या आवृत्तीचं वर्ष, प्रकाशक, आज मिळतं की नाही. प्रकाशकांना पत्र लिहून किती प्रती शिल्लक आहेत ते विचारा. वर्षानुवर्षं छापलंच नसेल तर हक्क लेखी परत मागा. मासिकांत आणि दिवाळी अंकांत आलेलं, पुस्तकात न आलेलं लिखाण वेगळं काढून स्कॅन करा. सगळ्या वारसांनी मिळून एकाला अधिकार द्या आणि तसा कागद करून ठेवा. त्याचा पत्ता प्रकाशकाला आणि गावातल्या ग्रंथालयाला कळवा. उद्या एखाद्या नव्या प्रकाशकाला त्या पुस्तकाची आवृत्ती काढावीशी वाटली, तर परवानगी कुणाकडे मागायची हे त्याला एका फोनवर कळलं पाहिजे.